सहा आठवड्यांनी या

९ फेब्रुवारी

प्रिय साडूबुवा,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला. रक्ताचा रिपोर्ट यायचा होता म्हणून थांबलो होतो, कारण त्याखेरीज तुम्हाला कळवण्याजोगं माझ्याकडे हल्ली काही घडत नाही.

तर रिपोर्ट आला. आकडा पुन्हा वर. ते जे वाईट कोलेस्टेरॉल असतं ते माझ्यासारख्याचं पंचावन्नच्या खाली हवं म्हणतात, माझं एकशे अठ्ठेचाळीस निघालं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा उलटून पाहिला. म्हणाल्या, "मधे छान साठवर आलं होतं. मग बिघडलं कुठे? तुम्हाला एक झटका येऊन गेलाय आजोबा, तुमच्या बाबतीत मी एवढंसुद्धा चालवून घेणार नाही." गोळी दुप्पट केली आणि सहा आठवड्यांनी परत बोलावलं. जन्मभर मी लोकांच्या लिफ्टा खालीवर करून दिल्या, आणि स्वतःच्या रक्तातली चरबी काही मला खाली आणता येत नाही. हसा आता.

दवाखाना तुम्ही पाहिलेला नाही. औषधाच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत लांब बाकडं, आतल्या खोलीत बाई. रक्त काढायला एक सिस्टर आहे. ती आधी विचारते, "शेवटचं कधी खाल्लंत? काय खाल्लंत?" उपाशीपोटी तपासणी असते म्हणून विचारावंच लागतं तिला. मी म्हटलं, "काल संध्याकाळी सात वाजता. एक अंडं आणि पाव." ती म्हणाली, "एवढंच?" साडूबुवा, मी काय खाल्लं हे मला थोरली गेल्यापासून कुणी विचारलेलं नाही. 'एवढंच' तर कुणीच म्हटलेलं नाही.

नंतर कापूस ठेवून ती माझा हात कोपरात दुमडते आणि म्हणते, धरून ठेवा. मी घरी पोचेपर्यंत धरून ठेवतो.

धाकटीला आशीर्वाद. तुमचे कान कसे आहेत? फोन करत नाही म्हणून रागावू नका. मागच्या वेळी मी ओरडत होतो आणि तुम्ही "हां? हां?" करत होता, तेवढ्यात शेजारी भांडण समजून धावत आले. आपलं पत्रच बरं.

तुमचा,
लिफ्टवाला


२१ फेब्रुवारी

थोरले साडू,

सप्रेम नमस्कार. पत्र मोठ्याने वाचून दाखवलं धाकटीला. आकडा अर्ध्या ओळीत आणि सिस्टर पाऊण पान! छापखान्यातल्या यंत्रांनी माझे कान खाल्ले हे खरं, पण आम्ही बहिरे आहोत, आंधळे नाही. काय चाललंय? धाकटी म्हणते, "भाऊजींची चेष्टा करू नका, त्यांना बिचाऱ्यांना कुणी नाही." मी म्हटलं, कुणी नाही कसं, दर सहा आठवड्यांनी आहे की!

आता माझं ऐका. तुमचा आकडा वाचून तुमच्या मेहुणीने मला धरून तपासणीला नेलं. मी म्हटलं, अगं, एका घरच्या दोन मुली केल्या म्हणून आम्हा दोघांचं रक्त एक होत नाही. तर म्हणते कशी, "रक्त एक नसेल, पण आम्ही दोघी एकाच आईच्या हाताखाली स्वयंपाक शिकलो. तेल दोन्ही घरांत सारखंच पडलंय." मी चपला घातल्या. माझं निघालं एकशे सत्तर. साखर आधीची आहेच, रक्तदाबही आहे. आमच्या इथला डॉक्टर म्हणाला, तुम्ही धोक्याच्या रांगेत अगदी पुढे उभे आहात. मी म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्या रांगेत पुढे आलो. तो हसला नाही.

त्याने गोळी दिली. नाव पाहिलं तर तुमचीच! म्हणजे आजवर आपण साडू होतो, आता गोळीबंधू झालो. लग्नात तुम्ही पुढे आणि मी मागे होतो, झटक्यातही तुम्ही पुढे. तुमचा आकडा उतरला की माझाही उतरेल, असं मी धरून चाललोय. रोज रात्री जेवण झालं की गोळी गिळताना तुमचं नाव घेतो.

पोरगा नोकरीसाठी दूर गेल्यापासून मधली खोली रिकामी आहे. या ना थोडे दिवस. मला ऐकू येत नाही आणि धाकटीला बोलल्याशिवाय राहवत नाही. दिवसभर ती भिंतीशी बोलते, असं तीच म्हणते. तुम्ही आलात तर भिंतीला सुट्टी मिळेल.

तुमचा,
छापखानेवाला


४ एप्रिल

प्रिय साडूबुवा,

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. तुमचं 'आंधळे नाही' वाचून मी दचकलोच. पण तुम्हाला वाटतंय तसं काही नाही हो. आम्हाला मुलगी असती तर ती या सिस्टरएवढी असती, इतकंच.

तुम्ही तपासणी केलीत हे फार चांगलं केलंत. गोळी चुकवू नका.

माझा आकडा या खेपेला एकशे एक्कावन्न. डॉक्टरीणबाई आता गोंधळल्या आहेत. त्यांनी विचारलं, गोळ्या नियमित घेता ना? मी रिकाम्या पट्ट्या खिशातून काढून टेबलावर ठेवल्या. त्या बघून त्यांनी मान हलवली आणि आणखी एक वेगळी गोळी वाढवली. यकृताची तपासणी सांगितली, थायरॉईडची सांगितली. म्हणाल्या, कधी कधी कारण दुसरीकडेच असतं, आपण शोधून काढू. 'आपण' म्हणाल्या. पुन्हा सहा आठवड्यांनी या.

बाकड्यावर आता ओळखी झाल्यात. एक निवृत्त बसचालक येतो, त्याला लोणी बंद केल्याचं दुःख बायको गेल्याच्या दुःखाइतकंच आहे. म्हणजे त्याची बायको आहे, चांगली ठणठणीत आहे. लोणी तीच बंद करते. नंबर आला की दारातून माझं नाव पुकारतात, मोठ्याने, आडनावासकट. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी इकडेतिकडे पाहिलं. घरात स्वतःचं नाव ऐकू येत नाही ना, सवय मोडते.

तुमच्याकडे यायचं मनात खूप आहे, पण आलो तर तपासणीची तारीख चुकेल. बाईंना ते आवडायचं नाही.

धाकटीला म्हणावं, भिंत तरी आहे. माझ्या भिंतीपलीकडचे लोक घर सोडून गेले.

तुमचा,
लिफ्टवाला


१९ एप्रिल

थोरले साडू,

मधली खोली झाडून ठेवली होती. असो.

तुमचं पत्र वाचून मला जरा काळजी वाटली. चेष्टा बाजूला ठेवतो. एक सरळ विचारतो, साडू म्हणून नाही, भाऊ म्हणून. गोळ्या घेता ना? धाकटी म्हणते, असं विचारू नये, भाऊजींसारखा काटेकोर माणूस नाही. लिफ्टच्या दोराची एक तार तुटलेली दिसली तर अख्खी इमारत जिन्याने चालवणारा माणूस गोळी चुकवेल का? मलाही ते पटतं. तरी विचारतो, कारण माझे पाय दुखायला लागलेत. पोटऱ्या भरून येतात. ही गोळी काहींना तसं करते म्हणे. डॉक्टर म्हणाला, फार त्रास झाला तर या, बदलून देतो, पण मनाने बंद करू नका. मनाने तर मला काहीच करू देत नाहीत.

म्हणून विचारतो. तुम्ही मनापासून घेत असाल आणि तरी आकडा हलत नसेल, तर हे पायदुखीचं लोढणं मी गळ्यात कशाला बांधून घेऊ? मला तुमच्याकडूनच कळेल. डॉक्टर काय, ते सगळ्यांना एकच सांगतात.

तुमचा,
छापखानेवाला


३० मे

प्रिय साडूबुवा,

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. घेतो. एक दिवस चुकवत नाही. रोज संध्याकाळी पट्टीतून काढतो, हिशेबाने.

आकडा एकशे सेहेचाळीस. आता डॉक्टरीणबाई म्हणतात की मोठ्या हॉस्पिटलात पाठवावं लागेल, तिथे यासाठी एक इंजेक्शन मिळतं. हे मला अजिबात नको आहे. मोठं हॉस्पिटल म्हणजे दर वेळी नवा माणूस, आणि नावाऐवजी हातावर चिकटवलेला कागद. मी त्यांना म्हटलं, इथेच बघा ना अजून थोडे दिवस. त्या म्हणाल्या, "आजोबा, माझ्याच्याने होत नसेल तर तुम्हाला धरून ठेवणं बरोबर नाही." त्यांचा चेहरा उतरला होता. आपल्या हातून काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटत असावं. मला वाईट वाटलं.

सिस्टरने या वेळी विचारलं नाही काय खाल्लं ते. घाईत होती. कापूस मात्र ठेवला.

पायांना कोमट पाण्याचा शेक द्या. डॉक्टरांना दाखवा. गोळी चालू ठेवा.

तुमचा,
लिफ्टवाला


१३ जून

थोरले साडू,

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. मी गोळी बंद केली.

रागावू नका, नीट ऐका. तुमच्याइतका नेमाचा माणूस एक दिवस न चुकवता घेतो, दुप्पट घेतो, जोडीला दुसरी घेतो, आणि आकडा जिथल्या तिथे. मग माझ्यासारख्या धांदरटाला ती काय लागू पडणार? सुरुवातीला माझा आकडा थोडा उतरला होता, डॉक्टर खूशही झाला. पण मी म्हटलं, तुमचाही पहिल्यांदा उतरलाच होता की! नव्याचे नऊ दिवस. बंद करून आठ दिवस झाले. पाय हलके झालेत. कोपऱ्यावरच्या वाचनालयापर्यंत न थांबता चालत जातो.

धाकटी कटकट करते. मी तुमचं ३० तारखेचं पत्र तिच्यापुढे धरलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? ते वाचून तिलाही पटलं. म्हणाली, "भाऊजींना लागू पडत नाही तर नसेलच बाई पडत." तुमच्या शब्दाला या घरात डॉक्टरपेक्षा वजन आहे, बघा.

तुम्हीही द्या सोडून. जेवढं आहे तेवढं सुखाने जगू. या इकडे. वाचनालयात वर्तमानपत्रं येतात, तुम्ही वाचा आणि मला खुणांनी सांगा.

तुमचा,
छापखानेवाला


१० जुलै

साडूबुवा,

हे पत्र मिळताच आधी गोळी घ्या आणि मग पुढे वाचा.

मी गोळ्या घेत नाही. नऊ महिने झाले, घेतलेल्या नाहीत.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी फोन केला होता. धाकटीने उचलला. मी म्हटलं, त्यांना गोळी बंद करू नका म्हणावं. ती म्हणाली, "भाऊजी, तुमचंच तर उदाहरण देतात ते!" आणि इतक्या मायेने माझी चौकशी करायला लागली की खरं काय ते माझ्या तोंडून निघेना. मी पावसापाण्याचं बोललो आणि फोन ठेवला. मग पत्र लिहायला बसलो. लिहिलं, फाडलं. पुन्हा लिहिलं. असे किती दिवस गेले ते तारखेवरून तुम्हाला दिसेलच. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

झटका आल्यावर मी गोळ्या मनापासून घेतल्या. आकडा सरसर खाली आला, साठवर. म्हणजे गोळी लागू पडते. तुम्हालाही पडत होती. डॉक्टरीणबाई आनंदाने म्हणाल्या, "उत्तम! आता वर्षाने या." मी जिना उतरून खाली आलो आणि रस्त्यावर उभा राहिलो. मला कुठे जायचंच नव्हतं. थोरलीला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ती गेली, मग झटका आला, मग निदान हा दवाखाना होता. आणि आता तुम्ही बरे आहात म्हणून तोही बंद. बरं होण्याची अशी शिक्षा असते हे मला ठाऊक नव्हतं.

मग एकदा गोळ्या संपल्या, आणायला उशीर झाला, आणि वर्षाच्या तपासणीत आकडा चढलेला निघाला. बाई काळजीत पडल्या. म्हणाल्या, सहा आठवड्यांनी या. साडूबुवा, मला इतकं बरं वाटलं. कुणीतरी माझ्यासाठी तारीख ठरवली होती. त्या दिवसापासून मी रोज गोळी पट्टीतून काढतो आणि ग्रीसच्या जुन्या डब्यात टाकतो. रिकाम्या पट्ट्या बाईंना दाखवतो. डबा आता अर्ध्याच्या वर भरलाय. ज्या माणसाने कधी कुठल्या लिफ्टची तपासणी न करता सही केली नाही, तो दर सहा आठवड्यांनी एका भल्या डॉक्टरच्या तोंडावर खोटं बोलतो, कशासाठी, तर कुणीतरी कोपर धरावं म्हणून.

मला वाटलं, माझा जीव माझा आहे, त्याचं मी काहीही करीन. माझ्या खोट्यावर तुम्ही तुमची गोळी बंद कराल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तुम्ही भाऊ म्हणून विचारलंत आणि मी 'एक दिवस चुकवत नाही' लिहिलं. काढायला चुकवत नव्हतो, असं मनाशी म्हणत लिहिलं.

गोळी लागू पडते. पाय दुखत असतील तर डॉक्टरकडे जा, तो बदलून देईल. पण घ्या. मला शिव्या द्या, पत्रं बंद करा, पण गोळी घ्या.

तुमचा,
लिफ्टवाला


२६ जुलै

भाऊजी,

हे पत्र मी लिहितेय म्हणजे काय ते तुम्ही ओळखलं असेल. घाबरू नका, हे आहेत. पण उजवा हात उचलत नाही, उजवा पाय ओढत चालतात, आणि बोलणं जड झालंय.

चौदा तारखेला सकाळी दाढी करताना वस्तरा खाली पडला. मला वाटलं निसटला. मी उचलून दिला, तर पुन्हा पडला. हे आरशात बघत होते आणि तोंड एका बाजूला गेलं होतं. तुमचं पत्र पंधराला आलं. एका दिवसाचं अंतर. मी ते पत्र पदराखाली घेऊन हॉस्पिटलात गेले, म्हटलं साडूचं पत्र ऐकून तरी जरा हुशारी येईल. आधी मी वाचलं नव्हतं. यांना ऐकू येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. कानाशी तोंड नेऊन मोठ्याने वाचायला लागले. थांबता येईना आणि हळू वाचता येईना. तुमची सगळी हकीकत, ग्रीसच्या डब्यापासून कोपरापर्यंत, अख्ख्या वॉर्डने ऐकली भाऊजी. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे रडायला लागले. नर्स हातात सुई घेऊन तशीच उभी राहिली.

मी डॉक्टरांना विचारलं, गोळी घेतली असती तर हे टळलं असतं का? ते म्हणाले, तसं छातीठोक सांगता येत नाही, साखर होती, रक्तदाब होता, पण बंद करायला नको होती. म्हणजे हे ओझं तुमच्या डोक्यावर पूर्ण टाकता येत नाही आणि पूर्ण काढताही येत नाही. मी रागावलेय. खोटं का सांगू? दोन दिवस मी तुमचं नाव घेतलं नाही.

पण राग गोळीचा नाही. तुम्हाला माणूस हवं होतं तर आम्ही काय मेलो होतो? यांनी मधली खोली झाडून ठेवली आणि तुम्ही तपासणीची तारीख सांगितलीत. मी समजले, भाऊजींना आता आमच्याकडे करमणार नाही, ताई होती तोवर नातं होतं. मला ते फार लागलं होतं. आणि तुम्ही तिकडे सुईला हात पुढे करत बसला होतात. ताई माझी बहीण होती. तिला जाऊन तीन वर्षं होत आली, मीही कुणाशी तिचं बोलले नाही. यांना ऐकू येत नाही आणि तुम्ही येत नाही.

मधल्या खोलीत आता यांची खाट आहे.

हे काहीतरी सांगतायत. तीन वेळा विचारलं तेव्हा कळलं. म्हणतात, "त्याला विचार, घेतली का?" तर भाऊजी, घेतली का?

धाकटी


४ सप्टेंबर

साडू

डाव्या हाताने लिहितो. अक्षराला हसू नका. तुमचं पत्र वॉर्डात गाजलं. मी रागावलो होतो. आता नाही. एकटा माणूस काय करील सांगता येत नाही. मीही पाय दुखतात म्हणून नाही, तुमच्याबरोबर राहावं म्हणून बंद केली असेन. कोण जाणे.

एक युक्ती. रोज आठला गोळी घ्या. मग धाकटीचा फोन वाजवा. तो मी डाव्या हातात धरून बसेन. ऐकू येत नाही पण थरथरतो तो कळतो. मग मी घेईन आणि तुमचा वाजवीन. दोघांनीही उचलायचा नाही. उचलला की धाकटी बोलत बसते.

हात दमला.

छापखानेवाला


१८ ऑक्टोबर

प्रिय साडूबुवा आणि धाकटे,

घेतली. घेतो. आता हे शब्द लिहिताना माझा हात थांबत नाही.

धाकटीचं जुलैतलं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ग्रीसचा डबा घेऊन दवाखान्यात गेलो. नंबर नव्हता, तारीख नव्हती. बाईंच्या टेबलावर डबा ठेवला आणि झाकण काढलं. त्यांनी आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मी किती रात्री तुमच्या रिपोर्टात काय सुटतंय ते शोधत होते. घरी कोण आहे, हे मात्र कधी विचारलं नाही." मग विचारलं. मी सांगितलं, कुणी नाही. त्यांनी सगळं पुसून पहिल्यापासून सुरू केलं, एकच गोळी, आधीचीच. इंजेक्शन बिंजेक्शन रद्द.

गेल्या आठवड्यात रिपोर्ट आला. चोपन्न. बाकड्यावर बसचालकाने टाळी दिली. आत बाईंनी पेन उघडलं आणि थांबल्या. वर न बघता म्हणाल्या, "सहा आठवडे लिहू का?" म्हणजे गरज नसताना, माझ्यासाठी. धाकटे, तुला काय सांगू, मी 'हो' म्हणायच्या अगदी काठावर होतो. बाहेर बाकडं भरलेलं होतं. एक बाई तान्हं मूल घेऊन उभी होती, तिला बसायला जागा नव्हती. मी म्हटलं, "नको. वर्षाने लिहा." त्यांनी लिहिलं. सिस्टरने सवयीने माझा हात दुमडला. खाली उतरल्यावर मी तो सरळ केला आणि कापूस टाकून दिला.

खोटं सांगत नाही, त्या दिवशी घरी आल्यावर फार एकटं वाटलं. अंडं उकडलं, ते खायचंही राहिलं. चोपन्न आकडा घेऊन माणूस खुर्चीत बसून राहतो, त्याचं पुढे काय करायचं ते रिपोर्टात लिहिलेलं नसतं. आठ वाजले तेव्हा उठलो.

आता वर्षभर मला कुठलीच तारीख नाही. पुढच्या महिन्यात येतो. मधली खोली गेली तर गेली, बाहेर बाकडं असेल तर टाका. बाकड्याची मला चांगली सवय झालीय. धाकटे, तुझ्या ताईबद्दल बोलायचं आहे. माझ्याकडेही खूप साठलंय.

साडूबुवा, एक विचारायचं राहिलं. काल आठला मी गोळी घेतली, फोन वाजवला. तुमचा उलटा आला नाही. एरवी पाणी पिऊन ग्लास ठेवतो न ठेवतो तोच येतो. मी फोनपाशी उभा राहिलो. नळ गळत होता, तोही बंद केला, न जाणो आवाज चुकायचा. मनात नको नको ते आलं. पुन्हा वाजवावा की नाही ते कळेना, कारण पुन्हा वाजवायचं आपलं ठरलेलं नाही. मग वाजला. मी उचलला नाही, ठरलंय ते ठरलंय, पण त्यावर हात ठेवून उभा राहिलो, थांबेपर्यंत. तो खरंच थरथरतो हो. तुम्ही म्हणता तसा, हातात कळतो.

उशीर का झाला तेवढं कळवा.

तुमचा,
लिफ्टवाला